डॉक्टरची गाडी

आमच्या जिल्ह्यात विकायला काढलेली प्रत्येक गाडी डॉक्टरची असते. नगरच्या बायपासपासून नेवासा फाट्यापर्यंत जुन्या गाड्या विकणाऱ्यांचे जेवढे पत्र्याचे आडोसे आहेत, तेवढे मी दोन महिन्यांत पालथे घातले. एकाही गाडीचा आधीचा मालक वाळूवाला, दूधवाला किंवा भाडी मारणारा निघाला नाही. सगळे डॉक्टर, त्यातले निम्मे दातांचे. इतके डॉक्टर खरोखर असते तर माझ्या वडिलांना आठवड्यातून तीनदा पासष्ट किलोमीटर न्यायची वेळ माझ्यावर आली नसती.

‘डॉक्टरची गाडी’ म्हणजे काय, हे विकणारा समजावून सांगतो. एका हाताची, कमी फिरलेली, कधी ओझं न वाहिलेली, वेळच्या वेळी कंपनीत सर्व्हिसिंग झालेली. हे सांगताना तो गुटख्याची पिंक गाडीच्या पलीकडच्या बाजूला टाकतो, म्हणजे आपल्याला दिसू नये. सीटवर नवी कव्हरं, आरशाला लटकवलेली वासाची डबी, टायरला काळं फासलेलं. कव्हर उचललं की खाली कुठे कोंबडीचं पीस, कुठे कांद्याची वाळकी पात. मीटरवर मात्र सगळ्या गाड्या साठ हजारच फिरलेल्या. या धंद्याची मला किळस आली होती. रोज घरी आल्यावर मी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचो, आणि माझी बायको ज्ञानेश्वरी हसायची.

पण गाडी तर हवीच होती. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन्ही किडन्या गेल्या आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, तेही नगरला. आधी आम्ही गावातल्या सुनीलची जीप सांगायचो. ती दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा पडली ती करंजी घाटात, उन्हाच्या तिसऱ्या प्रहरी. आबांच्या छातीत पाणी भरलं, ओठ निळे झाले, आणि शेवटी कांद्याच्या टेम्पोत गोण्यांवर निजवून मी त्यांना नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असा उशीर पुन्हा झाला तर म्हातारा हातात राहणार नाही. म्हणून मला अशी गाडी हवी होती, जी रोज पहिल्या चावीला सुरू होईल आणि घाटात उभी राहणार नाही. मोठ्या पल्ल्यासाठी डिझेल, अन् छोटी, कारण मोठी परवडत नव्हती. घरातलं सगळं झाडून गोळा केलं ते दोन लाख. त्यापुढे एक रुपया निघणार नव्हता.

मी शेवगावला एका हायस्कुलात क्लार्क आहे. आमच्याकडे शिपाई सोडला तर शाळेत बसणाऱ्या सगळ्यांना सर म्हणतात, म्हणून मीही सर. मला इंजिनातलं काही कळत नाही. ज्यांना कळत नाही ते शेवगावात सगळे एकाच माणसाकडे जातात. तो कल्याण.

कल्याण दहावीला नापास झाला तेव्हा त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहिला होता. आता चाळिशीला आलाय. नेवासा रोडला त्याचं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे, बाभळीखाली चार पत्रे आणि एक खड्डा. माणूस उंच, किडकिडीत, बोलण्याचा कंटाळा असलेला. गाडी बघायला सोबत येण्याचे तो पैसे घेत नाही. विकणाऱ्याकडून तर चहासुद्धा घेत नाही. गाडी घेतली तर पहिलं ऑइल माझ्याकडे बदला, एवढीच त्याची अट.

त्याची बघायची रीत न्यारी आहे. इंजिन तो बघतोच. ऑइलचं झाकण काढून धूर येतो का ते बघतो, पट्टी ओढून ऑइल दोन बोटांत चोळतो, बॉनेटच्या बोल्टना कधी पाना लागलाय का हे नखाने तपासतो. पण खरं बघणं नंतर सुरू होतं. तो गाडीतल्या प्रत्येक सीटवर एकेकदा बसतो. नुसता बसतो, डोळे मिटून. कोणती सीट किती दबलीय, कोणत्या दाराची कडी जास्त झिजलीय, पाय कुठे घासलेत, यावरून गाडीने आजवर काय काम केलंय ते तो ओळखतो. इंजिन धुता येतं, सर, असं तो मला म्हणाला होता, पण बसल्याली जागा धुता येत न्हाई. एका दातांच्या डॉक्टरच्या गाडीत मागच्या सीटवर दोन मिनिटं बसून त्याने सांगितलं की हिच्यातून दुधाच्या किटल्या गेल्यात. गालिचा उचलला तर खाली नासक्या दुधाचा वास.

निकाल तो एका शब्दात देतो. गाडी चांगली असेल तर ‘घ्या’. नसेल तर ‘चला’. या ‘चला’पायी विकणाऱ्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडली आहेत. बायपासला एकाने त्याच्या खिशात पाकीट कोंबायचा प्रयत्न केला. कल्याणने ते बॉनेटवर ठेवलं, वर एक दगड ठेवला आणि म्हणाला, चला. आम्ही चालते झालो. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल जे वाटलं, ते मला कुठल्या कीर्तनकाराबद्दलही वाटलेलं नाही. सगळीकडे थुंकी आणि थापा चालू असताना एक माणूस खोटं बोलत नाही, याचा मला आधार होता.

अशा सतरा गाड्यांना ‘चला’ झालं. अठरावी नेवासा फाट्याच्या अलीकडे मिळाली. विकणारा तुषार नावाचा एक पोरगेला माणूस, गळ्यात साखळी, हातात दोन मोबाईल. तो म्हणाला, डॉक्टरची गाडी आहे. मी हसलो. त्याने आरसी बुक पुढे केलं. त्यावर खरंच नावाआधी ‘डॉ.’ होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

पांढरी, छोटी, नगरचं सोळा पासिंग, नऊ वर्षांची. मागच्या सीटची स्प्रिंग तुटलेली, म्हणून किंमत उतरलेली. ओढाताण करून तुषार माझ्या दोन लाखांवर आला. कल्याणने थंड इंजिनाला चावी दिली आणि ते अर्ध्या फेरीत सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. पट्टीवरचं ऑइल बघून त्याने मान हलवली. त्या मानेवरून मला कळलं की ‘घ्या’ येतंय. मी मनातल्या मनात आबांना मागच्या सीटवर निजवलंसुद्धा.

मग तो सीटवर बसायला लागला. चालकाची सीट झाली, शेजारची झाली. मागे डाव्या बाजूला बसला आणि उठेचना. थोड्या वेळाने त्याने सीटखाली हात घातला. मग खाली उतरून मातीत गुडघे टेकले आणि मोबाईलची बॅटरी लावून आत बघत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, “चला.”

माझं डोकं फिरलं. मी त्याला माझ्या मोटारसायकलवर मागे बसवलं आणि दोन किलोमीटर गेल्यावर एका लिंबाखाली गाडी थांबवली. इंजिन चांगलं आहे की नाही, मी विचारलं. चांगलं आहे, म्हणाला. कुठे ठोकलेली आहे? नाही. पाण्यात बुडालेली? नाही. मग कारण सांग, नाहीतर मी आत्ता मागे फिरतो आणि इसार देतो, असं मी त्याला बजावलं. परवा सोमवार होता, आणि सुनीलची जीप लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेली होती.

कल्याण लिंबाच्या मुळीवर बसला. हातावरचे घट्टे चोळायला लागला.

“शिटाखाली वायर हाय,” तो म्हणाला. “बॅटरीपून मागं गेल्याली. दर चार बोटाला मेणाच्या दोऱ्यानं बांधल्याली. असं आख्ख्या जिल्ह्यात कोन बांधत न्हाई, सर. माझ्या वस्तादानं शिकिवल्यालं. ती वायर माझी हाय.”

पुढचं त्याने तुटक तुटक सांगितलं, मी ते नीट करून लिहितो. सात वर्षांपूर्वी एका ड्रायव्हरने ही गाडी त्याच्याकडे आणली होती. मागच्या सीटखाली जादा बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून हवा होता. डॉक्टर गावोगाव शिबिरं घेतात, तिथे लाइट नसते, मशीन चालवायचं असतं, असं त्याला सांगितलं. कल्याणला वाटलं, डोळ्यांची शिबिरं असतील. काम दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर मोकळेपणी बोलला. मशीन सोनोग्राफीचं होतं, बॅगेत मावणारं. गाडी पाटाच्या कडेला उसाआड उभी करायची, काचांना पडदे लावायचे, बाईला मागच्या सीटवर निजवायचं आणि पोटात काय आहे ते बघायचं. तोंडाने कोणी काही बोलायचं नाही. घरच्या माणसांनी लांब उभं राहायचं. आत पोरगा असला तर ड्रायव्हर एकदा हॉर्न वाजवणार. पोरगी असली तर गाडी नुसती निघून जाणार.

“मग तू काय केलंस?” मी विचारलं. मला वाटलं होतं, तो म्हणेल की मी वायर उपटून टाकली, किंवा पैसे तोंडावर फेकले. माझा कल्याण तसाच होता.

“मजुरी घेतली न्हाई,” तो म्हणाला. “म्हनलं, पैसं नकोत. माझ्या घरचीला बघून द्या.”



“पाटावर हुबा हुतो मी,” तो म्हणाला. “लई येळ. हॉर्न वाजलाच न्हाई. गाडी निघून गेली, आन् ती उसाकडनं एकलीच चालत आली.”

पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गाडीत. त्या वेळी हॉर्न वाजला. तो आदिनाथ. यंदा तो आमच्या शाळेच्या बालवाडीत आलाय.

त्या दिवशी शेवगावला येईपर्यंत मागे बसलेल्या कल्याणचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि तो हात मला नको झाला होता. दोन महिने मी ज्या लोकांच्या थापांना नाक मुरडत होतो, ते सगळे मला त्याच्यापेक्षा स्वच्छ वाटायला लागले. ते निदान मीटर मागे फिरवतात, एवढंच. त्याला गॅरेजवर उतरवलं आणि मी मागे न बघता निघालो.

पण मीसुद्धा फार नाक वर करायची गरज नव्हती. शाळेचं जनरल रजिस्टर पंचवीस वर्षं मी लिहितोय. घरोघरच्या पोरांच्या जन्मतारखा माझ्या हाताखालून गेल्यात. पहिली मुलगी, मग पाच-सहा वर्षं काही नाही, मग मुलगा. पुन्हा दुसरं घर, तेच. कल्याणची राजनंदिनी आणि आदिनाथ यांच्या तारखाही मीच लिहिल्या. मधली रिकामी वर्षं मला दिसत नव्हती असं नाही. मी ती नीट अक्षरात लिहीत होतो. मला स्वतःला पहिलाच मुलगा झाला, त्यामुळे मी चांगला आहे की नाही हे बघायची वेळ कधी आलीच नाही. हे कळलं आणि मला माझीच शिसारी आली.

घरी येऊन मी ज्ञानेश्वरीला सगळं सांगितलं. ती भाकरी करत होती. ती थांबली नाही, पण दोन भाकरी करपल्या. मग तिने विचारलं की सोमवारी आबांना कशात नेणार आहात. रविवारी मी आणखी दोन ठिकाणी गेलो. एकीकडे धूर ओकणारी गाडी, दुसरीकडे तीन लाखांची. दुपारी मी तुषारसमोर उभा होतो. त्याने पेढा पुढे केला, आणि मी तो खिशात टाकला. गाडीच्या चाव्या हातात घेताना मला जे वाटलं त्याला सभ्य शब्द नाही. पण घेतल्या.

गाडी गॅरेजवर नेली तेव्हा कल्याणने काही विचारलं नाही. मागची सीट उचलून बाहेर काढली, वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उपटली, मेणाचे दोरे कापले आणि सगळं भंगारात न टाकता खड्ड्यात घालून जाळलं. रबराचा काळा धूर आम्हा दोघांच्या नाकात गेला. सीटवर नवा फोम बसवला. मजुरी घेतली नाही. मीही विचारली नाही. निघताना त्याने खाली बघून सांगितलं की घाटात तुमचा हात अजून बसलेला नाही, आठवडाभर मी चालवतो. मला त्याच्या शेजारी बसायचं नव्हतं. पण मागे आबा असणार होते, आणि मला खरंच घाट चढवता येत नव्हता. मी हो म्हणालो.

गाडी मात्र नमुनेदार निघाली. सोमवारी पहिल्या चावीला सुरू झाली, घाट चौथ्या गिअरवर चढली. आबा खुश. म्हणाले, डॉक्टरची गाडी ती डॉक्टरचीच. मी खिडकीबाहेर बघितलं.

बुधवारी सकाळी घाटाच्या अलीकडे आबांना मळमळायला लागलं, म्हणून एका चहाच्या टपरीशी आम्ही थांबलो. मी मागे बसून आबांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कल्याण चालकाच्या सीटवर होता. एक म्हातारी रस्ता ओलांडून थेट आमच्याकडे आली आणि तिने काचेवर टिचकी मारली. तिच्यामागे एक काळीसावळी पोरसवदा सून होती, आणि तिच्या पदराला धरून तीन वर्षांची एक मुलगी.

“आज डॉक्टर न्हाई आलं का?” म्हातारीने कल्याणला हळूच विचारलं. नंबर तिला पाठ होता. थोरल्या सुनेच्या वेळेला ती याच गाडीकडे आली होती, असं तिने आपणहून सांगितलं. मग तिने मागे बघितलं, तर तिथे आमचे आबा. ती थोडी बावचळली. कल्याणने सांगितलं की डॉक्टरने गाडी विकली. मग आता ते कुठल्या गाडीत येतात, असं तिने विचारलं, अगदी एसटीची वेळ विचारावी तसं.

कल्याण दार उघडून खाली उतरला. तो तिला हाकलून देईल असं मला वाटलं. मी तेवढ्यासाठीच गप्प बसलो. तो तिच्यासमोर उभा राहिला, आणि सबंध ओळखीत मी त्याला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“मावशी, माझ्या बायकूला मी ह्याच गाडीत आनलं हुतं,” तो म्हणाला. “हितं मागं झोपिवलं. पोरगी हुती. पाडली. सात वर्सं झाली, ती माझ्याशी धड बोलत न्हाई. ताटात वाढती आन् निघून जाती. थोरली पोरगी इचारती, आई अशी का. मी काय सांगू तिला? नका करू, मावशी. सुनंला घरी घेऊन जा.”

सून मान वर करून त्याच्याकडे बघत होती. तेवढा वेळ तरी ती म्हातारीच्या मागून एक पाऊल बाजूला सरकली होती. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिचा चेहरा वाईट नव्हता. आमच्या गल्लीत अशा चेहऱ्याच्या दहा बाया आहेत.

“पन मागनं पोरगा झाला का न्हाई?” तिने विचारलं.

कल्याणने नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. आयुष्यात एकदा, त्या पोरसवदा सुनेसाठी. मी आबांचं डोकं घट्ट धरून मनात म्हणत होतो, बोल रे, खोटं बोल.

“झाला,” कल्याण म्हणाला.

म्हातारी सुनेकडे वळली.

“आयकलं का?” ती म्हणाली.